कोळंबीची बाटली

सागर रहाटे ज्या प्रयोगशाळेत कामाला होता ती रत्नागिरीच्या एमआयडीसीत, मासे गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीमागे होती. बाहेरून बघणाऱ्याला ते एखादं गोदाम वाटलं असतं. पत्र्याची शेड, दारात लाल मातीने माखलेली पायपुसणी, शेजारी जनरेटर. आत मात्र काम नाजूक चालायचं. अॅलर्जीचे डॉक्टर रोग्याच्या हातावर निरनिराळे थेंब ठेवतात, सुईच्या टोकाने हलकंसं टोचतात आणि कशाने गांध उठते ते बघतात. ते थेंब इथे तयार व्हायचे. घरातल्या धुळीचे, आंब्याच्या मोहोराचे, काजूचे, झुरळांचे, कोळंबीचे.

अर्क काढायचं काम सागरचं. जिन्नस वाटायचा, त्यातली चरबी काढून टाकायची, खारट पाण्यात थंड खोलीत ढवळत ठेवायचा, गाळायचा, किती प्रथिन उतरलं ते मोजायचं आणि बाटलीवर चिठ्ठी लावायची : एकास दहा. एक भाग जिन्नस, दहा भाग पाणी. सागर हे काम इतक्या निगुतीने करायचा, की प्रयोगशाळेच्या प्रमुख मनस्विनी आठल्ये मॅडम नव्या माणसाला सांगायच्या, "आधी सागरच्या टेबलाशी उभे राहा आणि नुसतं बघा." गावात कुणी विचारलं, बाबा, तू करतोस तरी काय, तर तो म्हणायचा, "माणसाला काय सोसत नाही ते बाटलीत भरतो." लोक हसायचे. पण स्वतःच्या हातच्या बाटलीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

त्याचं घर जयगडच्या अलीकडच्या एका गावात. वडील तो कॉलेजात असतानाच गेले. घरी आई, मालन, आणि तो. थोडी भातशेती, परसात नारळाची झाडं, आणि खाडी हाकेच्या अंतरावर. त्या भागात एक वेळ भाजी नसली तर चालतं, पण ताटात म्हावरं नसलं तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. ताजी कोळंबी नसेल तेव्हा सुकवलेले सोडे असतातच. वांग्यात सोडे, शेवग्यात सोडे, पावसाळ्यात तर नुसत्या भातातसुद्धा सोडे.

अशा घरात राही सून म्हणून आली. ती अलोऱ्याची. तिचे वडील कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वायरमन होते, गळ्यात माळ, घरात मासळीचं नावही नाही. पण राहीने लग्नाआधीच ठरवलं होतं की सासरी जे शिजतं ते आपण खायचं. "मला वेगळं ताट नको," असं तिने सागरला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि सागरला ती आवडली त्यात या वाक्याचाही वाटा होता.

लग्नानंतर पाहुणे पांगले आणि मालनने नव्या सुनेसाठी कोळंबीचं कालवण केलं. राहीने काटेवाल्या माशापेक्षा हे सोपं आहे असं म्हणत चवीने खाल्लं. ताट उचलायच्या आतच तिचे ओठ चुणचुणायला लागले. मग मानेवर, दंडावर, पोटावर गांधी उठल्या. मालनने आमसुलं कुस्करून त्याचं पाणी तिच्या अंगाला लावलं आणि पदराने वारा घातला. संध्याकाळपर्यंत सगळं उतरलं.

"नवीन पाणी, नवीन हवा," सागर म्हणाला. "पित्त झालं असेल."

दुसऱ्या खेपेला वांग्याच्या भाजीत थोडे सोडे होते. राहीचा वरचा ओठ इतका सुजला की तिला नीट बोलताही येईना, आणि उलटीही झाली. मालनने तो ओठ हाताने चाचपून पाहिला. मग कपाटातली सोड्यांची बरणी उचलली आणि शेजारच्या मैनाकाकीला देऊन आली.

"आये, वर्षभराचे सोडे दिलेस?" सागरने विचारलं.

"दिले. बायला कोलंबी सोसत नाय."

"अगं, पण असं अंदाजाने नाही ठरवायचं. त्याची तपासणी असते. माझं कामच आहे ते."

"तू कर तुझी तपासनी. माझ्या घरात कोलंबी येनार नाय."

सागर राहीला शहरात अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. योगायोग असा की त्यांच्याकडची कोळंबीची बाटली सागरच्याच हातची होती. त्याने लांबूनच ती ओळखली आणि राहीला हळूच सांगितलं, "ती बघ, मी केलेली." डॉक्टरांनी हातावर थेंब ठेवले, टोचलं, आणि दोघांना थोडा वेळ बसायला सांगितलं. धुळीच्या थेंबाखाली लालभडक गांध उठली. राहीला गोधड्या झटकताना लहानपणापासून शिंका यायच्या, त्याचं कारण कळलं. कोळंबीच्या थेंबाखाली मात्र काही नाही. कातडी जशीच्या तशी.

"धुळीची आहे," डॉक्टर म्हणाले. "कोळंबीची दिसत नाही. पण त्रास झाला म्हणताय, तर तूर्त खाऊ नका. पुन्हा एकदा बघू."

सागरने यातलं "कोळंबीची दिसत नाही" तेवढंच ऐकलं.

मोटरसायकलवरून परत येताना आरे-वारेच्या चढावर राहीने मागून विचारलं, "मग मला होतं ते काय?"

"अगं, जन्मात कधी खाल्लं नाहीस. मन घेत नसेल. मनाचंही शरीरावर उमटतं कधीकधी."

राहीने त्याच्या खांद्यावरचा हात काढून गाडीच्या मागच्या दांडीला धरला. सागरला वाटलं, वळणाचा रस्ता आहे म्हणून.

मालनला त्याने बातमी दिली तेव्हा ती भात वैरत होती. मान वर न करता म्हणाली, "बाटलीला काय कळतंय? ओठ मी बगितलाय."

पुढे काही महिने घरात कोळंबी आली नाही आणि विषयही निघाला नाही. सागरला मात्र ती गोष्ट कुठेतरी सलत राहिली. सोडे गेले याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. आपल्या घरातच आपल्या कामाला किंमत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात घर करून बसलं होतं. आणि राही सगळ्यांसारखी जेवत नाही, म्हणून तिला नातेवाइकांत टोमणे बसतील, ही काळजीही खरीच होती.

जयगड रस्त्यावरच्या खंडाळ्याला मावशीच्या मुलाचा साखरपुडा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिखटाचं, म्हणजे मासळीचं, जेवण ठेवलं होतं. मालनचा गुडघा धरला होता, म्हणून ती घरीच राहिली. पंगतीत कोळंबीचं सुकं आलं. राहीने ताटावर हात आडवा धरला. मावशी थांबली. "का गं, आमच्या हातचं नको?" ती थट्टेतच म्हणाली, पण चार बायकांनी वळून बघितलं.

सागर समोरच्या रांगेत होता. तो राहीकडे बघून हसला आणि म्हणाला, "तपासणीत काही नाही निघालेलं, राही. एक खाऊन बघ. मी आहे ना."

राहीने त्याच्याकडे बघितलं. ते बघणं पुढे कित्येक दिवस सागरच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. त्यात राग नव्हता. तिने त्याच्या शब्दावर एक कोळंबी उचलली आणि खाल्ली.

पंगत उठायच्या आत ती घसा धरून उभी राहिली. चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मावसभावाने रिक्षा दारात आणली. सागरने तिला उचलून आत घातलं. आरोग्य केंद्र जवळ होतं हे नशीब. तिथल्या डॉक्टरीणबाई दारातच काय ते समजल्या. त्यांनी राहीच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. हळूहळू तो शिट्टीचा आवाज बारीक होत गेला. राहीने डोळे उघडले तेव्हा सागर तिच्या पायाशी उभा होता. तिचा हात धरायचा त्याला धीर झाला नाही.

"कोळंबी खाल्ली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," सागर म्हणाला. "मी सांगितलं म्हणून."

दोन दिवसांनी राहीचे वडील येऊन तिला अलोऱ्याला घेऊन गेले. विश्रांतीसाठी, असं सगळे म्हणाले. मालनने तिच्या पिशवीत नाचणीचं पीठ आणि घरचं खोबरेल घातलं, आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दुखऱ्या गुडघ्याने रस्त्यावर उभी राहिली. घरी आल्यावर तिने सागरला एका शब्दानेही बोल लावला नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी सागर प्रयोगशाळेत गेला, फ्रिजमधून डॉक्टरांकडे गेलेल्या खेपेची राखून ठेवलेली बाटली काढली आणि आठल्ये मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही बाटली खोटी आहे."

त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही खेप काढली तेव्हा काही वेगळं घडलं होतं?"

सागर आठवायला लागला. अर्क ढवळत असताना ट्रान्सफॉर्मर उडाला होता. जनरेटर नेमका दुरुस्तीला गेलेला. त्याने भांड्याभोवती बर्फ रचला होता, तोही सकाळपर्यंत वितळून गेला होता. कोळंबी डोक्यासकट वाटलेली होती. पण नंतर प्रथिन मोजलं तर आकडा नेहमीसारखाच आला, म्हणून त्याने बाटल्या भरल्या. नियमात तेवढंच बसत होतं.

"कोळंबीच्या डोक्यात तिचा पाचकरस असतो," मॅडम म्हणाल्या. "थंडी गेली की तो तिचंच मांस पचवायला लागतो. त्याने प्रथिनाचे तुकडे केले असतील."

"पण आकडा बरोबर होता."

"तुमच्याकडे भात पिकतो ना? एक पायली अख्खा भात आणि एक पायली त्याचा भरडा. मापाला दोन्ही सारखेच. पण भरडा पेरलात तर उगवेल का?"

सागरने बाटलीवरची "एकास दहा"ची चिठ्ठी पुन्हा वाचली.

"आपण आजवर फक्त माप बघत आलो," मॅडम म्हणाल्या. "त्यात जोर किती आहे ते बघितलंच नाही. धुळीच्या अर्कासाठी मी ती पद्धत बसवायला घेतलीय, तुम्हाला माहीतच आहे. अॅलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातलं सीरम घ्यायचं आणि बाटलीतल्या अर्काला ते किती ओळखतं ते मोजायचं. शेवटी कोळंबी कशी आहे हे यंत्र नाही सांगू शकत. ज्याला ती बाधते त्याचं रक्तच सांगतं. कोळंबीसाठी मला असं माणूस मिळालेलं नाही." त्या जरा थांबल्या. "तुमच्या मिसेसना विचारावं असं मला म्हणवत नाही. पण विचारलं पाहिजे."

घरी आल्यावर सागरने आईला हे सांगितलं. मालनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाला, तू रगात मागायला जातोयस का बायकोला आनायला?"

सागर चपला काढता काढता थांबला.

"आधी ठरव," ती म्हणाली. "मग जा."

रविवारी तो चिपळूणवरून अलोऱ्याला पोचला. वसाहतीतली निम्मी घरं आता रिकामी होती, पण राहीच्या वडिलांच्या अंगणात तुळस आणि अबोली नीट राखलेली होती. वडील देवळात गेले होते. राही ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिने त्याला पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली.

सागरने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

"मी तुझं ऐकायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुझा ओठ मी डोळ्यांनी बघितला होता. तरी मी बाटलीचं ऐकलं. ती माझ्या हातची होती म्हणून."

राही गव्हातले खडे काढत राहिली.

"तू येशील तेव्हा ये. नाही आलीस तरी मी येत राहीन. एवढंच सांगायला आलो होतो." मग जरा वेळाने तो म्हणाला, "आणखी एक आहे. पण ते आज नाही सांगत."

"सांगा की."

"नको."

"अहो, सांगा. मनात ठेवून आलात ते चेहऱ्यावर दिसतंच आहे."

मग त्याने सांगितलं. बर्फ, डोकी, पाचकरस, सीरम. राहीने सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे मी तोंडाने सांगितलं तेव्हा ते मनाचे खेळ. आणि आता माझं रक्त सांगेल ते खरं. असंच ना, सागर? मी सांगितलेलं तुला पुरलं नाही."

लग्न झाल्यापासून तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती.

"मला आता पुरलंय," तो म्हणाला. "रक्त माझ्यासाठी नको. त्याच खेपेच्या बाटल्या आणखी कितीतरी दवाखान्यांत आहेत. तिथे कुणाला तरी सांगितलं गेलं असेल, तुला काही नाही म्हणून. आणि नुसत्या माझ्या शब्दावर डॉक्टर मानायचे नाहीत."

राहीने अबोलीकडे तोंड फिरवलं. तिने डोळे पुसले ते उलट्या हाताने, कारण बोटांना गव्हाची धूळ होती. तरी तिला शिंक आलीच, आणि लागोपाठ तीन-चार आल्या. सागरने सूप उचललं, ओट्याच्या पलीकडे नेलं आणि उरलेला गहू स्वतः निवडायला बसला. त्याला ते काही नीट जमत नव्हतं. राही बघत राहिली. शेवटी म्हणाली, "खडे राहतायत. आणि मी येईन. पण माझ्या रक्ताचं काय करता ते मला समोर बसून बघायचंय. मला न दाखवता काही करायचं नाही."

"तूच बघायचंस," तो म्हणाला.

काही आठवड्यांनी, इंजेक्शनचा आणि गोळ्यांचा सगळा असर उतरल्यावर, तोवर सासरी परतलेल्या राहीने रक्त दिलं. आठल्ये मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं, सही घेतली, आणि आपला जास्तीचा पांढरा कोट तिच्या अंगात घातला. तो तिला गुडघ्यापर्यंत आला. कोळंबीपासून तिला लांब ठेवायचं म्हणून अर्काचं सगळं काम सागरने आदल्या दिवशीच पलीकडच्या खोलीत उरकलं होतं, आणि राहीला काचेच्या अलीकडे खुर्ची दिली होती.

सागर हातात प्लॅस्टिकची एक ताटली घेऊन काचेजवळ आला. ताटलीत बारीक बारीक खळगे होते.

"या प्रत्येक खळग्याच्या तळाला चांगल्या, ताज्या कोळंबीचं प्रथिन चिकटवलंय," तो सांगू लागला. "तुझ्या सीरममध्ये कोळंबीला पकडणाऱ्या अँटीबॉडी आहेत. त्या आधी बाटलीतल्या अर्कात सोडायच्या. अर्कात जोर असेल तर त्या तिथेच गुंततील, तळाला बसायला कुणी उरणार नाही. जितक्या तळाला बसतील तितका निळा रंग चढतो, म्हणजे इथे रंग फिका येईल. अर्क पोकळ असेल तर सगळ्या मोकळ्या राहतील आणि तळाला जाऊन बसतील. रंग गडद येईल."

"म्हणजे उलटं."

"हो, उलटं."

"आणि तुमची बाटली चांगली निघाली तर?"

मॅडम पलीकडे पिपेट धरून उभ्या होत्या. त्यांनीही मान वळवली.

"तर तुला आणखी कशाने बाधतं ते शोधायचं," सागर म्हणाला. "बाधतं की नाही, हे मला आता कुणाला विचारायचं नाही."

काम सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. मिसळायचं, थांबायचं, धुवायचं, पुन्हा थांबायचं. मधल्या वेळात राहीने डबा उघडला आणि हात धुऊन अलीकडे आलेल्या मॅडमना घावन दिलं. मॅडमनी तिला तिच्या गावाचं विचारलं. तिने वसाहतीतल्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. सागर काचेपलीकडून त्या दोघींची हलणारी तोंडं बघत होता. यंत्राच्या घरघरीत त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण राही हसताना दिसली, आणि तेवढ्यासाठी तो पिपेट हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला.

शेवटचं रसायन घातलं आणि खळग्यांत निळा रंग भरू लागला. नुसतं सीरम होतं त्या रांगेत निळा गर्द झाला. ताज्या अर्काच्या रांगेत पहिले खळगे जवळजवळ पाण्यासारखेच राहिले आणि अर्क पातळ होत गेला तसा निळा हळूहळू चढत गेला. सागरच्या बाटलीच्या रांगेत मात्र पहिल्या खळग्यापासूनच निळा दाटला होता.

सागर ताटली घेऊन काचेशी आला. राही उठून जवळ आली.

"हा गडद तुमच्या बाटलीचा?"

"हो."

"म्हणजे तिच्यात काहीच नव्हतं."

"जवळजवळ काहीच नव्हतं."

राही रंगाकडे बघत राहिली. सागरला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि तिने बोलावं असंच त्याला वाटत होतं. पण तिने विचारलं ते निराळंच. "हा सगळा निळा माझा?"

"तुझाच."

"एवढा?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एवढा होता, आणि मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय. आई रोज सांगायच्या, बाय, तुझं खरं आहे. तरी मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतात."

सागरने ताटली खाली ठेवली, हातमोजे काढले, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि दार उघडून अलीकडे आला. मॅडम अचानक कसलं तरी कपाट आवरायला लागल्या. तो राहीसमोर उभा राहिला. तिने आपलं कपाळ त्याच्या छातीला टेकवलं आणि तशीच थांबली.

जरा वेळाने ती बाजूला झाली आणि नाक पुसत मॅडमना म्हणाली, "ही बाटली आणखी कुणाकुणाकडे गेलीय, त्यांना आजच सांगाल ना?"

मॅडमनी त्याच दुपारी फोन सुरू केले. त्या खेपेच्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या, आणि ज्यांची तपासणी त्या बाटल्यांवर झाली होती त्यांना पुन्हा बोलावून घ्या, असं प्रत्येक डॉक्टरांना स्वतः सांगितलं. हे सांगणं सोपं नव्हतं. एकदोन डॉक्टर चिडले, एकाने पुढे प्रयोगशाळेचा मालच बंद केला. पण फेरतपासणीत देवरुखची आरोही नावाची एक शाळकरी मुलगी सापडली. तिच्या घरचे तिला "नखरे करते" म्हणून रागावत होते. आता त्यांना तिच्यासाठी औषध जवळ ठेवायला आणि शाळेत सांगून ठेवायला शिकवलं गेलं.

प्रयोगशाळेतली पद्धतही बदलली. कोळंबीची डोकी काढूनच वाटायची, आणि थंडी गेली तर ती खेप सरळ फेकायची. एक चांगला अर्क ओळखीचा नमुना म्हणून बारीक बारीक कुप्यांत गोठवून ठेवला. राहीचं आणि कोळंबी बाधणाऱ्या आणखी काहीजणांचं सीरम एकत्र करून साठवलं. नवी खेप निघाली की त्या सीरमपुढे ती आणि नमुना शेजारी शेजारी लावायचे. जोर नमुन्याइतका असला तरच बाटली भरायची. कमी असला तरी नाही, जास्त असला तरी नाही, कारण जास्त जोराच्या थेंबाने एखाद्याला उगीच त्रास व्हायचा. बाटलीवर आता "एकास दहा"च्या खाली जोराचा आकडाही येऊ लागला. एकदा सागरच्या हातची एक सुरेख दिसणारी, काचेसारखी स्वच्छ खेप या कसोटीत हलकी निघाली. त्याने ती मोरीत ओतली आणि नवी कोळंबी आणायला मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला. त्याला काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी राहीचीही फेरतपासणी करावी की नाही यावर बराच विचार केला. गरज नाही, असं त्यांचं मत होतं. राहीच म्हणाली, "करा. मला बघायचंय." मग औषधं आणि इंजेक्शन हाताशी ठेवून, खूप पातळ केलेल्या थेंबाने त्यांनी सुरुवात केली. थोड्या वेळात तिच्या हातावर गोल, फुगीर, मधे फिकट आणि कडेने लाल अशी गांध उठली. खाजही सुटली. राही हाताकडे बघून हसायला लागली, सागर हसायला लागला, आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं आत काय चाललंय म्हणून डोकावली. "तुमच्यासारखं जोडपं मी नाही पाहिलं," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्याजवळ कायम ठेवायच्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहून दिली.

घरी मालनने तो हात बघितला मात्र, आणि ती सागरवर कडाडली. "पुन्ना टोचलास तिला? तुजी हौस फिटली नाय काय अजून?"

"आई, मीच सांगितलं होतं टोचायला," राही म्हणाली.

"तू गप बस. तू त्याच्या बाजूने बोलू नको." मालनने आमसुलं भिजत घातली आणि सुनेला पुढ्यात बसवून तिच्या हातावर त्याचं पाणी चोळू लागली. तिच्या त्या खरखरीत बोटांखाली राहीने डोळे मिटून घेतले.

सागरला आता एक नवी सवय लागली आहे. ज्या दिवशी कोळंबीचं काम असतं त्या दिवशी तो प्रयोगशाळेतच अंघोळ करतो, कपडे बदलतो, ते कपडे तिथेच ठेवतो. तरी घरी आल्यावर आधी मागच्या दारी जातो आणि विहिरीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतो. राही पंचा घेऊन दारात उभी असते. तो हात पुढे करतो. ती त्याचा तळवा नाकाजवळ नेऊन वास घेते, पालथा करून पुन्हा घेते.

परवा तिने तसाच वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "आहे का वास?"

"साबण संपलाय वाटतं," ती म्हणाली. "नुसती राख लावलीत." आणि त्याचा हात न सोडताच ती त्याला आत घेऊन गेली.